क्रांतीचं उभं कॅलेंडर

क्रांती गावंड विचारात पडली की कैरी खाते. ओढणीच्या टोकाला मिठाची पुडी बांधलेली असते. वाडीतून चालता चालता पडलेली एखादी कैरी उचलायची, ओढणीला पुसायची आणि मीठ लावून दातांनी सोलत बसायचं. कैरी आंबट निघाली तर डोळा मिटतो, पण विचार थांबत नाही. यंदाच्या मे महिन्यात तिने किती कैऱ्या खाल्ल्या असतील, देव जाणे. महिनाअखेर म्हणाली, "काकू, माझे दात आता जूनभर तरी चहासुद्धा सोसणार नाहीत."

किहीमला आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत माझा पुतण्या देवव्रतने सात कॉटेजं बांधली, त्याला आता बरीच वर्षं झाली. तो राहतो दादरला. मी वाडीतल्या जुन्या घरात, रस्त्याच्या बाजूला. कॉटेजांचा कारभार माझ्या ओट्यावरून दिसतो, ऐकू तर त्याहून जास्त येतो. काम करणारी माणसं बहुतेक चोंढीच्या आतल्या बाजूच्या एका गावातली. भातशेती करणारी घरं. पावसाळा शेतात जातो, पर्यटकांचे महिने आमच्याकडे.

क्रांती त्या गावात सून म्हणून आली. अलिबागला बी. कॉम. झालेली, लग्नाआधी मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसायची. नवरा साहिल मांडव्याच्या जेटीवर कामाला आहे. सासू सोनाबाई आमच्याकडे पहिल्यापासून स्वयंपाकघर सांभाळते. तिने एक दिवस सुनेला बरोबर आणलं आणि देवव्रतला म्हणाली, "फोन उचलायला ठेवा. घरात नुसती बोलत असते, हितं बोलण्याचा पगार तरी मिळंल." क्रांतीने फोन उचलले, मग बुकिंगं घेतली, मग तक्रारी ऐकल्या, आणि तिसऱ्या वर्षी ती मॅनेजर झाली. म्हणजे सून सासूची साहेब झाली. या गोष्टीचा सासूला अभिमान होता आणि तो ती टोमणे मारून व्यक्त करायची. "सायेबीणबाई, आज भाजी कसली करू, तुमची सही पायजे काय?"

कोण कधी कामाला येणार हे आधी सोनाबाईच ठरवायची, तोंडी. तिच्या डोक्यात सगळं असायचं. पण एप्रिलमध्ये एका कुटुंबाने पाच कॉटेजं घेतली, आणि ती मंडळी दुपारी येऊन दाराशी उभी राहिली तेव्हा दोन कॉटेजांत चादरीसुद्धा घातलेल्या नव्हत्या. साफसफाईच्या मैनाला वाटलं होतं वरकामाचा हर्षद करणार, हर्षदला वाटलं होतं मैना करणार. पाहुण्यांनी फोटो काढून इंटरनेटवर टाकले. देवव्रतने ते आपल्या दिवाणखान्यात बसून पाहिले.

त्या आठवड्यात तो आला. ओट्यावर बसून त्याने क्रांतीला सांगितलं, "मला मुंबईत बसून दिसायला हवं, आज कोण आहे, उद्या कोण आहे. पूर्ण महिना. मेमध्ये एकही दिवस गोंधळ व्हायला नको. नवी मुंबईची एक एजन्सी माणसं पुरवते, गणवेशासकट. मे नीट गेला तर आपली माणसं राहतील. नाही गेला तर जूनपासून एजन्सी."

"सगळी माणसं बदलणार?" क्रांतीने विचारलं.

"जी सांगितल्या दिवशी येत नाहीत ती."

सोनाबाई तेव्हा आत कोलंबी सोलत होती. तिने ऐकलं, आणि तिने ऐकलं हे आम्हालाही कळलं.

देवव्रतच्या ऑफिसात ते लो-कोड म्हणतात त्यातलं एक साधन होतं. त्याने क्रांतीला त्याचा पासवर्ड दिला. मला तिने ते असं समजावलं: "काकू, अ‍ॅप बनवायला आधी प्रोग्रॅम लिहावा लागायचा. यात तयार तुकडे मिळतात. बटण, यादी, फोटोची चौकट, कॅलेंडर. उचलायचं, पडद्यावर ठेवायचं, आणि त्याला सांगायचं की तुझी माहिती त्या तक्त्यातून घे. अगदी अडलं तर एखादं सूत्र लिहायचं." माझ्या ओट्यावरच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती रोज दुपारी बसायची, कारण नेट तिथेच नीट येतं. मी शेजारी विणत बसायची. माझ्याकडून तिला एवढीच मदत, की इंग्रजी सूचना आल्या की त्यांचा अर्थ मी सांगायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेटने शिकवलेलं इंग्रजी इतक्या वर्षांनी असं उपयोगी पडेल असं त्या सिस्टरलाही वाटलं नसतं.

क्रांतीने एक तक्ता केला. एका ओळीत एक माणूस, एक तारीख, एक ड्युटी. मग तयार कॅलेंडर उचलून पडद्यावर ठेवलं आणि तक्त्याला जोडलं. महिन्याचे चौकोन समोर आले, आणि प्रत्येक चौकोनात दोन नावं आणि खाली 'आणखी ६'. सगळी माणसं काही त्या चौकोनात मावेनात. मग तिने नावं काढून रंग ठेवले. प्रत्येकाच्या फोनवर फक्त त्याच्याच ड्युट्या (क्रांती आणि देवव्रतला सगळ्यांच्या दिसायच्या): सकाळची पिवळी, संध्याकाळची निळी, रात्रीची जांभळी. ज्या दिवशी माणूस ड्युटी असून आला नाही, तो चौकोन लाल. रंग उठून दिसावेत म्हणून तारखेचे आकडे तिने बारीक आणि फिके केले. आजच्या तारखेभोवती गोल.

पहिली तक्रार रखवालदार हिरामणची. त्याची ड्युटी रात्रीची, संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या सकाळी संपणारी. अ‍ॅपने ती दोन चौकोनांत दाखवली.

"क्रांतीताय, मना सांग, हे दोन दिवस झाले ना?"

"एकच रात्र आहे, हिरामणदादा."

"पण हितं दोन रंगवलंयस."

"ते अ‍ॅपला बारानंतर दुसरा दिवस वाटतो म्हणून."

"मंग अ‍ॅपला वाटतं तसा पगार दे. मी काय म्हणत न्हाय, अ‍ॅपच म्हणतंय."

क्रांतीने दोन कैऱ्या खाल्ल्या आणि ड्युटी सुरू होते तीच तारीख धरायची असं सूत्र लिहिलं. हिरामणचा एक चौकोन गेला. तो पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की अ‍ॅपने दिलेलं क्रांतीने काढून घेतलं.

मे सुरू झाला, शुक्रवारी. शनिवार-रविवार छान गेले, कारण तेव्हा सगळेच कामावर होते. सोमवारी सकाळी सोनाबाई आणि मैना दोघींनी फोन उघडून आपापले रंग पाहिले. त्यांची ती पद्धत होती, सोमवारी एकदा बघायचं आणि आठवडा पाठ करायचा. सारखा सारखा कोण चष्मा काढणार?

मंगळवारी सकाळी सोनाबाई आली नाही.

कॉटेजं भरलेली. पाहुणे नाश्त्याला येऊन बसले. क्रांतीने घरी फोन लावला तर सासू तळ्यावर कपडे धुवायला गेलेली, फोन घरी वाजतोय. शेवटी क्रांतीने स्वतः पोहे केले. पाहुण्यांतल्या एका आजोबांनी मीठ मागितलं, दुसऱ्या आजींनी मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं. बुधवारी सोनाबाई पहाटेच हजर, आंबोळीचं पीठ घेऊन. त्या दिवशी तिची सुट्टी होती आणि हर्षदची ड्युटी. दोघे चुलीपाशी एकमेकांकडे बघत उभे.

"तुजी ड्युटी न्हाय," सोनाबाई म्हणाली.

"मावशी, माझीच आहे. हे बघा, पिवळा."

"माजा पन पिवळा."

मैनाचं तसंच. मंगळवारी तिची चादरींची ड्युटी होती, ती आली गुरुवारी. गंमत म्हणजे हर्षद, ऋतिका ही तरुण मंडळी अगदी वेळेवर येत होती. शुक्रवार संपला तेव्हा कॅलेंडरवर लाल चौकोन पाच, आणि पाचही म्हाताऱ्या बायकांचे. त्यातले दोन सोनाबाईचे. सुनेने सासूला लाल केलं होतं. करावंच लागलं, दुसऱ्या कोणाला केलं असतं आणि हिला सोडलं असतं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

देवव्रतचा फोन आला. क्रांतीने तो ओट्यावर घेतला. "लाल सगळे जुन्या माणसांचे आहेत," तो म्हणत होता. "मी तुला दोष देत नाही. पण त्यांना हे जमत नाहीये हे दिसतंय ना? एजन्सीला मी महिनाअखेरचं सांगून ठेवतोय."

"दादा, मे अजून संपला नाही."

"म्हणूनच महिनाअखेर म्हटलं."

घरी काय झालं ते मला दोघींकडून वेगवेगळं कळलं. क्रांती म्हणाली होती, आई, तुम्ही मुद्दाम करता. सोनाबाई म्हणाली होती, मी चाळीस वरीस कुणाच्या हाताखाली कामाला चुकले न्हाय. मग बोलणं बंद. स्वयंपाकघर आणि ऑफिस यांच्यामध्ये पन्नास पावलं नाहीत, पण निरोप हर्षदच्या मार्फत जाऊ लागले. "सायबांना सांग, च्या झाला." "त्यांना सांग, मला नको." "सायबांना सांग, थंड झाल्यावर मागू नका."

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर सोनाबाई माझ्या ओट्यावर आली. पदराने फोन पुसत होती. "काकू, तुमी शिकल्यालं मानूस. तुमीच बगा. मी खोटं बोलते काय?"

तिने अ‍ॅप उघडलं. क्रांती तेवढ्यात लॅपटॉप न्यायला आली होती, ती खांबापाशी थांबली. सोनाबाईने तिच्याकडे पाठ केली आणि फोनवर बोट ठेवलं, गेल्या सोमवारच्या चौकोनावर.

"ह्यो सोमवार. हाय पिवळा? हाय. मी आयले व्हते." बोट खाली सरकलं. "ह्यो मंगळवार. कोरा. म्हंजे सुट्टी." बोट आणखी खाली. "बुधवार. पिवळा. मी आयले. मंग लाल कनाला?"

मी बोटाकडे बघत राहिले. चार, अकरा, अठरा. तिच्यासाठी मंगळवार सोमवारच्या शेजारी नव्हता, सोमवारच्या खाली होता.

क्रांती वळली आणि स्वयंपाकघराकडे पळत गेली. आम्ही दोघी मागून गेलो. ती फ्रिजशेजारच्या भिंतीपुढे उभी होती. तिथे खिळ्याला नेहमीचं कॅलेंडर टांगलेलं होतं, दुधाचे आकडे आणि गॅसच्या तारखा लिहून भरलेलं. डाव्या बाजूला वरून खाली वार: रवि, सोम, मंगळ, बुध. तारखा वरून खाली उतरत आलेल्या, आणि तळाला पोचल्या की पुढच्या उभ्या ओळीत पुन्हा वर. आपल्याकडच्या बहुतेक घरांत असंच असतं. क्रांतीच्या माहेरी असंच, सासरी असंच, माझ्या जेवणघरात असंच. शाळेत सिस्टरांच्या ऑफिसातलं आडवं होतं, घरी आईचं उभं होतं, आणि या दोहोंत फरक आहे हे माझ्या आजवर मनातसुद्धा आलं नव्हतं. जिथे जे टांगलेलं असेल ते माणूस वाचतो. तरुण मुलं फोनवर वाढलेली, ती आडवं वाचत होती. म्हाताऱ्या भिंतीवर वाढलेल्या. वरती वारांची अक्षरं होती, पण ती इंग्रजी, आणि तारखा तर क्रांतीने स्वतःच फिक्या केल्या होत्या.

"आई," क्रांती म्हणाली. दोन दिवसांतला पहिला शब्द तो. "तुम्ही बरोबर वाचलंत."

"मंग मी काय म्हनत व्हते?"

"मीच आडवं लावलं."

सोनाबाईने फोन पदरात ठेवला. "च्या टाकते," ती म्हणाली. "सायबांना न्हाय. तुला."

क्रांतीला आधी वाटलं, आडवं वाचायला शिकवावं. सोमवारी तिने सगळ्या बायकांना बसवून समजावलं. सोनाबाई म्हणाली, "अडाणी नव्हं आमी, समजलं." पण मैनाने घरी जाताना विचारलं, "म्हंजे आता आदी आडवं वाचायचं आन मंग उभं, का फक्त रविवारी आडवं?" त्यावर क्रांतीने शिकवण्याचा नाद सोडला. "काकू, यांना बदलायला वर्ष लागेल आणि माझ्याकडे मे आहे. कॅलेंडरच उभं करते."

पण तयार कॅलेंडर उभं होईना. त्या तुकड्याला वळवायची सोयच नव्हती. दोन दिवस तिने मदतीची पानं वाचली, मीही वाचली, आठवडा सोमवारी सुरू करायचा की रविवारी एवढंच बदलता येत होतं. शेवटी तिने ते काढून टाकलं आणि साध्या चौकोनांपासून सुरुवात केली. त्या साधनात एक यादी मिळते, एकाखाली एक चौकोन मांडणारी, आणि सात झाले की शेजारी दुसरी ओळ सुरू करणारी. प्रत्येक चौकोनाला त्याचा नंबर असतो. अडचण अशी की पहिली तारीख पहिल्या चौकोनात नसते. शुक्रवारी महिना सुरू झाला तर वर पाच चौकोन मोकळे सोडायचे.

हे तिला डोक्यात बसेना. मी म्हटलं, जमिनीवर मांड. ओट्याच्या फरशीवर तिने खडूने चौकोन आखले, सात खाली, पाच आडवे, आणि वाडीतल्या वाळत घातलेल्या सुपाऱ्या घेतल्या. पाच चौकोन मोकळे सोडून एक एक सुपारी ठेवत खाली उतरली. हिरामण झोपायचं सोडून बघायला आला. "जुगार हाय काय?"

"हो. तुमची नोकरी लावलीय."

"मंग नीट खेळ."

तिसावी सुपारी शेवटच्या चौकोनात बसली आणि एक सुपारी हातात राहिली. एकतीस तारीख, रविवार. तिच्यासाठी क्रांतीने सहावी ओळ आखली आणि तिच्या पहिल्याच चौकोनात सुपारी ठेवली. अ‍ॅपमध्ये तसंच केलं. लॅपटॉपवर सुरेख दिसत होतं. वार मराठीत डावीकडे, तारखा ठळक, रंग मागे. फोनवर मात्र पाचच ओळी मावत होत्या. सहावी पडद्याच्या बाहेर. बोटाने सरकवलं की दिसायची, पण सरकवायचं हे ज्याला माहीत असेल त्याला.

आणि एकतीस तारखेलाच सगळ्यात मोठं बुकिंग होतं. मुंबईच्या एका शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा. सातही कॉटेजं, शिवाय दिवसभरासाठी येणारी माणसं. देवव्रतही त्या दिवशी येणार होता.

"चौकोन लहान करू?" क्रांती स्वतःशीच म्हणाली. "मग आकडे परत बारीक. सरकवायला शिकवू? मैनाताई विचारतील फक्त रविवारी का." ती फरशीवर बसून कैरी खात होती. सोनाबाई तांदूळ पाखडायचं सूप घेऊन जात होती, ती थांबली. आखलेल्या चौकोनांकडे वाकून बघितलं. मग सहाव्या ओळीतली एकटी सुपारी उचलली आणि अगदी वर, डाव्या कोपऱ्यात, पहिल्या मोकळ्या चौकोनात ठेवली.

"ही हितं."

"आई, एक तारखेच्या आधी एकतीस?"

"मंग काय झालं? जागा मोकळी हाय ना. जादाची तारीक वर जाते." आणि सूप घेऊन गेली.

क्रांती पुन्हा स्वयंपाकघरात धावली. भिंतीवर तसंच होतं. मे महिना, पहिली ओळ, रविवारच्या घरात एकतीस. मग खाली मोकळी जागा, आणि शुक्रवारी एक. परत येऊन तिने सूत्र लिहिलं: नंबर पस्तिसाच्या पुढे गेला तर त्यातून पस्तीस वजा कर आणि वर पाठव. एवढंच. "एवढंच," ती म्हणाली, आणि उरलेली कैरी कावळ्याला टाकली.

नवं कॅलेंडर सगळ्यांच्या फोनवर गेलं तेव्हा एकच हरकत आली, तीही सोनाबाईची. "रविवार लाल पायजे. रविवार लालच असतो."

"लाल म्हणजे न आलेला दिवस, आई."

"मंग सगळे रविवार आमी आलोच न्हाय काय? तुजं दुसरं काय ते कर."

रविवारचे आकडे लाल झाले. न आलेल्या दिवसाला राखाडी रंग मिळाला. आणि पहिल्या आठवड्यातले पाच लाल चौकोन? क्रांतीने ते पुसले नाहीत. त्या पाच नोंदींपुढे तिने एक ओळ लिहिली: 'माणसं बरोबर होती. कॅलेंडर आडवं होतं.' देवव्रतला ती दिसेल हे तिला ठाऊक होतं.

पुढचे आठवडे शांत गेले. शांत म्हणजे आमच्याकडे जितकं असतं तितकं. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे मैनाचा जावई धोंड्याच्या जेवणाला येणार होता, तिला दोन दिवस सुट्टी हवी होती आणि ऋतिकाने तिचे दिवस घेतले. मैना स्वतः फोन घेऊन क्रांतीकडे आली आणि खाली खाली बोट नेत म्हणाली, "हा बुध, हा गुरू, हे दोन ऋतिकाला दे." क्रांतीने दिले. उरलेल्या महिन्यात नवा राखाडी चौकोन फक्त एक आला. तो हर्षदचा. नवीन कॅलेंडर त्याने सवयीने आडवं वाचलं होतं. सोनाबाईने त्याला भिंतीपाशी नेलं आणि ओलं खोबरं खवता खवता शिकवलं.

एकोणतीस तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, देवव्रतचा फोन आला. क्रांती ओट्यावर होती. तिने स्पीकर लावला, कारण हात चादरींच्या हिशेबात गुंतलेले.

"क्रांती, अ‍ॅप बिघडलंय."

"काय झालं, दादा?"

"एकतीस तारीख कुठे आहे बघ. एकच्या आधी! आणि शेवटी काहीच नाही. म्हणजे रविवारी कोण आहे ते कळतच नाही. परवा नव्वद माणसं येणार आहेत. मी काही धोका पत्करत नाही, एजन्सीला रविवारची दहा माणसं सांगतो."

स्वयंपाकघरातल्या खिडकीत सोनाबाई उभी होती. मैना तिच्यामागे. दोघी ऐकत होत्या, आणि यावेळी लपवत नव्हत्या.

क्रांतीने चादर खाली ठेवली. "दादा, तुमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे?"

"काय?"

"भिंतीवर. दूध-पेपर लिहायला."

"असेल. इराला माहीत."

"एजन्सीला फोन करायच्या आधी एकदा त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. फोन ठेवू नका."

चपलांचा आवाज आला. मग इराचा, म्हणजे देवव्रतच्या बायकोचा: "काय शोधतोयस?" "कॅलेंडर." "तुझ्या डोक्याच्या वर आहे." मग नुसता पाण्याचा आवाज. नळ वाहत होता, तो बंद झाला.

"एकतीस वर आहे," देवव्रत म्हणाला.

"हो."

"हे नेहमीच असं असतं?"

इरा मागून हसत होती. "आपलं लग्न झाल्यापासून तरी," ती म्हणाली.

"आता आमचं बघा, दादा," क्रांती म्हणाली. "वर डाव्या कोपऱ्यात. रविवार. बोट लावलंत की सगळी नावं येतात. सोळा."

त्याने नावं मोजली. "सोळा आहेत."

"मग दहा कशाला?"

"नको," देवव्रत म्हणाला. "मी येतो रविवारी."

तो आला, रो-रो बोटीने गाडी घेऊन, इराला घेऊन. आम्ही उठायच्या आत सोनाबाई चुलीपाशी होती. सोळाच्या सोळा आले. हिरामण सतरावा, रात्रीची ड्युटी संपल्यावर घरी न जाता थांबला, म्हणाला, "अ‍ॅपनं एक दिवस खाल्ला माजा, आज जेवून वसूल करतो." मेळाव्यातली मंडळी साठीच्या पुढची, पण वर्गातल्यासारखी भांडत होती. त्यांनी सोलकढी तीनदा मागितली. देवव्रत स्वयंपाकघरात आला, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग फोन बघितला, परत कॅलेंडर बघितलं.

"सोनाबाई," तो म्हणाला, "पहिल्या आठवड्यातलं ते मी वाचलं. क्रांतीने लिहिलेलं."

"काय लिवलंय?" सोनाबाईने विचारलं. तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

त्याने वाचून दाखवलं. सोनाबाईने कढईतलं परतणं थांबवलं नाही. "आता खरं लिवलंय," ती म्हणाली.

जाताना देवव्रत ओट्यापाशी थांबला. क्रांती पायरीवर बसून पाय चोळत होती. "एजन्सीला नाही म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "जूनचं कॅलेंडर कधी टाकतेस?"

"जून तीस दिवसांचा आहे, सोमवारी सुरू. पाच ओळींत बसतो. उद्या टाकते."

गाडी गेली. सोनाबाई हात पुसत बाहेर आली आणि सुनेशेजारी पायरीवर बसली. चष्मा लावला, फोन उघडला, वर डाव्या कोपऱ्यातल्या एकतीस तारखेवर बोट ठेवून पिवळा रंग पाहिला आणि मान हलवली. मग बराच वेळ पडद्याकडे निरखून बघत राहिली.

"काय शोधताय, आई?"

"सगळं बराबर हाय," सोनाबाई म्हणाली. "पन दुधाचं कुटं लिवायचं?"

क्रांतीने ओढणीचं टोक सोडलं, मीठ आहे का बघितलं, आणि म्हणाली, "हर्षद, एक कैरी आण रे."